नवी कोरी पडकी कमान

मुक्काम नौबाद, बिदर
बहमन महिना, फसली १३४७ (इंग्रजी सन १९३७)

वडीलबंधू जगदेवप्पाअण्णा, मुक्काम मुडबी, यांना आतेभाऊ अमृतप्पा गवंडी याचा पायांवर डोकं ठेवून शरणार्थ.

मी इथं हातापायानं धड आहे. तुमचा गुडघा या थंडीत कसा काय? वैनींचा दमा उचल खात असेल, त्यांना पहाटे अंगण झाडू देऊ नका. (त्या ऐकणार नाहीत, पर मी लिहिलंय म्हणून सांगा.) म्हैस व्याली का? हे पत्र शेवटी तुमच्या गल्लीतल्या चंद्रम्माला वाचून दाखवायचं आहे, पर आधी तुम्ही एकट्यानं वाचा. लांबलंय जरा. चष्मा पुसून घ्या.

तुम्हाला ठाऊक आहे, दसऱ्यापासून मी आणि चंद्रम्माचा भाऊ निंगप्पा, दोघं इथल्या जहागीरदारांच्या बागेत कामाला आहोत. थोरले जहागीरदार अंथरुणाला खिळले, कारभार मुलाकडं, श्रीपतरावांकडं आला. हे श्रीपतराव बारिष्टर व्हायला विलायतेला गेले होते. बारिष्टरी तिथंच राहिली, येताना एक पुस्तक तेवढं घेऊन आले. पुस्तक कसलं, पाटच तो, जेवायला बसता येईल एवढा. त्यात दीडशे वर्षांमागच्या युरोपातल्या इमारतींची चित्रं. खांब खाली जाड, वर निमुळते, माथ्यावर तिकोनी कपाळपट्टी, आणि बायाबापड्यांचे दगडी पुतळे (अंगावर कपडा बेताचाच. निंगप्पा म्हणाला, दगडाला थंडी वाजत नसेल). मी गवंडी माणूस, खोटं कामून बोलू, खांब बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. म्हटलं, असलं एक काम हातून झालं तर जन्माचं सार्थक.

पर श्रीपतराव सरकारांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं ते एका पडक्या देवळावर. म्हणाले, हे बांधायचं. मी म्हटलं, हे उभं होतं तेव्हा कसं होतं ते दाखवा, तसं बांधतो. तर म्हणाले, हे कधी उभं नव्हतंच, हे पडकंच बांधलंय! त्या काळी तिकडच्या लोकांनी म्हणे राखेत गाडलेलं एक जुनं शहर उकरून काढलं, आणि बघता बघता सगळ्या श्रीमंतांना पडक्याचं वेड लागलं. ज्याच्या बागेत पडकं नाही तो अडाणी. केसांना पीठ लावून हे लोक त्या पडक्यापाशी बसायचे आणि काळ कसा सगळं खातो म्हणून उसासे टाकायचे. अण्णा, आपल्या बिदरात पडकं बघायला घरातून मान बाहेर काढली की पुरे. निंगप्पानं हे सरकारांना तोंडावर सांगितलं. सरकार म्हणाले, ते आपोआप पडलेलं हाय, त्यात कला न्हाई.

एवढ्यावर भागलं नाही. त्या बागांतून म्हणे पगारी साधू ठेवायचे. केस-नखं कापायची नाहीत, सात वर्षं कुणाशी बोलायचं नाही, पाहुणे आले की पुस्तक मांडीवर घेऊन उदास दिसायचं. निंगप्पाची पांढरी दाढी बघून सरकारांनी त्यालाच विचारलं. निंगप्पा दगड घडता घडता गप्प बसत नाही हे तुम्ही जाणता. त्यानं पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "मराठी सोडतो सरकार, कानडी तेवढी राहू द्या." सरकार हसले नाहीत.

तर आम्ही बांधलं. तांबडा दगड, महिनाभर मुरलेला चुना, चार खांब, मधे कमान. निंगप्पानं तिच्या माथ्यावरचा मधला दगड असा घडला की सांध्यात नख जाईना. दोघं समोरच्या चिंचेखाली बसून नुसते बघत राहिलो. आता हे पडकं कसं दिसावं? सरकारांना मुळीच पसंत पडलं नाही. "कामून असं नवं दिसायलंय? कमान इथून तुटलेली पायजे, एकच बाजू उभी." मी सांगितलं, कमान दोन्ही खांद्यांवर उभी असते, मधला दगड काढला की दोन्ही बाजू बसतात. म्हणाले, चित्रात उभी हाय की. मी म्हटलं, चित्राला वजन नसतं सरकार. शेवटी ठरलं की दोन्ही बाजू लाकडी टेकूंवर तोलायच्या, उजवी मागून लोखंडानं जखडायची आणि मग मधला दगड पाडायचा. टेकू बिदरहून गाडीनं यायचे होते.

मंगळवारी सकाळी सरकार पुस्तक घेऊन आले. शनिवारी हैदराबादचे पाहुणे यायचे होते आणि टेकूंचा पत्ता नव्हता. बारा मजुरांसमोर म्हणाले, "मिस्त्री, बांधता येतं, पाडता येईना व्हय?" निंगप्पा तापट, त्याला ते लागलं. तो तरातरा परांचीवर चढला आणि घण घातला. मी खालून ओरडलो, पर त्यानं ऐकलं नाही. डावी बाजू त्याच्यासकट खाली आली, लोखंडानं जखडलेली उजवी तेवढी उभी राहिली. जीव लगेच गेला, त्रास झाला नाही. पोलीस पाटील आला, दगड निसटला असं लिहून घेऊन गेला.

मुडबीला निरोप पोचून माणसं यायला दोन-तीन दिवस लागले असते, तेवढं थांबता येईना. नौबादच्या रुद्रभूमीत जंगमाच्या हातून सगळं रीतीनं केलं. खड्डा मी स्वतः खणला, बाजू ओळंब्यात घेतल्या. आपल्या रीतीप्रमाणं खड्ड्यात बसवताना त्याची मान सरळ राहीना, ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली, भस्म लावून होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी दगड उचलायला गेलो तर सरकारांनी अडवलं. म्हणाले, राहू दे, अगदी चित्रासारखं पडलंय. आणि खरंच अण्णा, तसंच पडलं होतं. तीन घागरी पाणी ओतून दगड धुतले, एवढीच परवानगी मिळाली. शनिवारी पाहुणे आले. खुर्च्या मांडल्या, चहा झाला. एक बाई त्या ढिगाकडं बघून रुमालानं डोळे टिपत होती. एकानं विचारलं, किती वर्षांचं आहे? सरकार म्हणाले, दीडशे तरी असेल. मी चहाचे पेले उचलत होतो, चार दिवसांचं आहे असं म्हणालो नाही.

एवढं चंद्रम्माला समजेल असं, धीरानं वाचून दाखवा. भाऊ मानी होता, मानापायी गेला, असं सांगा. वैनींना शरणार्थ.

आपला
अमृतप्पा

ता. क. निंगप्पाच्या छिन्न्या, घोंगडं आणि तंबाखूची चंची मुडबीकडं येणाऱ्या गाडीवानाजवळ देतो आहे. छिन्न्या चंद्रम्मानं कुणाला दिल्या तर घडाई जाणणाऱ्यालाच द्याव्या.

ता. क. दुसरं. हा कागद वेगळा जोडलाय. वरचं पत्र तिला वाचून दाखवू नका. सगळं खरं आहे, फक्त मंगळवारचं नाही. परांचीवर मी होतो. सरकारांचं बोलणं मला लागलं होतं, निंगप्पाला नाही, तो हसला होता. तो खाली बसून डाव्या खांबाशी पाचर ठोकत होता. वर न बघताच म्हणाला, "अमृत, टेकू येऊ दे रे, घाई कामून करायलास?" मी ऐकलं. ऐकून घण घातला. आणि जीव लगेच गेला नाही. दगड काढेपर्यंत तो कानडीत पाणी मागत होता. बारा जणांनी पाहिलं, पाटलाला कुणी सांगितलं नाही, मीही नाही.

वरचं पत्र लिहून झालं तेव्हा वाटलं, असंच पाठवावं. दोन दिवस उशाखाली ठेवलं. आता तुमच्याकडं एकच मागणं आहे. तिच्या दारात उभं राहायची माझी छाती होत नाही, म्हणून आधी तुम्ही जा. भाऊ कसा गेला हे तिनं विचारलं तर खरं सांगा. नाही विचारलं तरी सांगा.