तुझ्या प्रवचनातली मैत्रीण

प्रिय राजनंदिनी,

तुझे फोन मी उचलले नाहीत आणि मेसेजही उघडले नाहीत. समोर आलीस की तू गोड बोलतेस आणि माझं म्हणणं घशातच राहतं. म्हणून लिहायला बसले आहे. लिहिलेलं तुला मध्येच तोडता येणार नाही.

टीव्ही सेंटरवरून आपण दोघी फुलंब्रीची काळीपिवळी जीप धरायचो. मी मराठीची, तू संस्कृतची, शाळा एकच. मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसून तू पर्समधली छोटी पोथी काढायचीस. रोज एक श्लोक. नियम तूच घातला होतास, की पाठ नाही झाला तरी चालेल, पण दिवसभरात तो कुठं उपयोगी पडला आणि आपण कुठं हरलो, ते दुसऱ्या दिवशी खरं खरं सांगायचं. रागावरचा श्लोक होता त्याच दिवशी मी सहावीच्या वर्गात डस्टर आपटून फोडला. मत्सराच्या श्लोकाला तू साळूबाईंच्या बढतीवर आठवडाभर जळफळलीस आणि तेही कबूल केलंस. किती हसलो होतो आपण! अकरा वर्षं मी देवापुढं जे बोलले नाही, ते त्या गाडीत बोलले. ऐकणारं माणूस पक्कं आहे, एवढीच माझी श्रद्धा होती.

आमच्या आत्याबाई सहा वर्षं अंथरुणाला होत्या, ते तू जवळून पाहिलंस. सासू म्हणून त्या कडक होत्या, पण पडल्यावर लेकरासारख्या झाल्या. शाळा, स्वयंपाक, त्यांचं सगळं अंग पुसणं, पाठीच्या जखमा. वैशाखातल्या त्या दुपारी मी जेवायला बसले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आतून आवाज आला, "सुले, पाणी दे वं." दोनदा आला. मी उठले नाही. चार घास खाऊन घेऊ म्हटलं. पेला घेऊन गेले तेव्हा त्या गेल्या होत्या. पाण्यानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. पण मी ऐकलं होतं आणि मी बसून राहिले होते, हे डॉक्टरांना कुठं माहीत होतं?

दोन वर्षं हे मी एकटीनं सोसलं. मग एका शनिवारी खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा बाहेरच्या कट्ट्यावर बसून तुला सांगितलं. तू माझा हात धरलास. म्हणालीस, "देहाच्या थकव्याला पाप म्हणू नकोस, सुलेखा. तुझ्या मनात काय होतं, ते बघणारा बघतो." त्या एका वाक्यानं मला झोप लागायला लागली. ते उपकार मी आजही नाकारत नाही.

नंतर तुझी प्रवचनं सुरू झाली, लोक मोबाईलवर तुला ऐकू लागले. मला अभिमानच वाटायचा. सिडकोतल्या कार्यक्रमाला तूच पहिल्या रांगेत खुर्च्या राखून ठेवल्या होत्यास, एक माझी आणि एक यांची. विषय होता कर्तव्य. अर्ध्या तासानं तू म्हणालीस, "माझी एक मैत्रीण आहे, शिक्षिका." सहा वर्षांचं अंथरूण, दुपार, ताट, सगळं आलं. आणि तू म्हणालीस, "सासूनं पाणी मागितलं, आणि ती मुद्दाम उठली नाही."

मुद्दाम. हा शब्द मी कधी उच्चारला होता? तो तू घातलास, कारण त्याशिवाय गोष्ट टोकदार होत नव्हती. बायकांनी डोळे पुसले. माझ्या शेजारी आत्याबाईंचा मुलगा बसला होता. हे उठले आणि चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर तू म्हणालीस, "नाव कुठं घेतलं मी तुझं? आणि कितीजणींना बळ मिळालं बघ." मला वाटलं होतं, तू निदान घाबरशील. तू मला समजावत होतीस! अहंकार कसा हळूच शिरतो, ते तूच शिकवलं होतंस. तुझ्यात तो शिरला तेव्हा मी टाळ्या वाजवत होते, एवढाच माझा दोष.

त्यानंतर हे गावी त्यांच्या भावाकडं जाऊन पंधरा दिवस राहिले. परत आले तरी माझ्या हातचं पाणी घेईनात, स्वतः माठातून ओतून घेत. शेवटी एका सकाळी त्यांनी विचारलं, "मायनं पाणी मागितलं व्हतं का?" मी सगळं सांगितलं, ताटात काय होतं तेसुद्धा. मग म्हणाले, "तू थकली व्हतीस, ते मला दिसत व्हतं. मी समजून घेतलं असतं. पण हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं." आता आम्ही बोलतो. पण बोलताना दोघंही जपून बोलतो, जखमेवरचं फडकं उचलावं तसं.

गेल्या रविवारी तुझी लेक प्रेरणा पुण्याहून आली होती. तुझ्याकडं नाही, माझ्याकडं. तिनं तुझा व्हिडिओ पाहिला, त्यातली शिक्षिका कोण ते ओळखलं, आणि जिनं आईला एवढं सांगितलं तिला आईचंही माहीत असेल असं तिला वाटलं. तिनं विचारलं, "मावशी, बाबा आम्हाला सोडून गेले ते गेलेच, का ते परत आले होते आणि आईनं दार उघडलं नाही?" त्याचं उत्तर तू मला खुलताबादच्या त्याच कट्ट्यावर दिलं होतंस, माझं ऐकून झाल्यावर. राजनंदिनी, ते माझ्या जिभेवर आलं. माझ्या जिवाची जी गत झाली ती तुझीही व्हावी, असं मला त्या क्षणी फार वाटलं. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, "हे तू आईलाच विचार." येत्या रविवारी ती तुझ्याकडं येते आहे, म्हणून हे पत्र त्याआधी पोचावं अशी घाई. तिला तू स्वतः सांग. एकही शब्द वाढवू नकोस, एकही गाळू नकोस. आणि ही क्षमा समजू नकोस. क्षमा मला अजून जमलेली नाही. पण तुझं जे माझ्याकडं आहे ते मी कुणाला देणार नाही, एवढं मला जमलं आहे. ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

'तुझीच' लिहायला हात उठत नाही,
सुलेखा