दिवेलागणीच्या वेळी बाहेर

अहो,

आत्ताच मोठागावच्या खाडीवरून आले. पायांचा चिखलही धुतलेला नाही, पण म्हटलं आधी तुम्हाला कळवावं, नाहीतर म्हणाल, मला न सांगता गेली. आज मी सूर्यास्त बघितला! तुम्हाला जाऊन वर्ष झालं, तेव्हा कुठे जमलं.

रिटायर झाल्यावर लोक पत्ते खेळतात, भजनाला बसतात. तुमच्या डोक्यात मात्र भरलं की डोंबिवलीच्या आसपास मावळतीचा सूर्य सगळ्यात चांगला कुठून दिसतो, ते शोधायचं. शेजारच्या वैद्यांना स्कूटरवर मागे बसवून दर रविवारी निघायचात. बाळकुमला गेलात तर ढग. मोहन्याला गेलात तर सूर्य बरोब्बर कारखान्याच्या चिमणीमागे उतरला. घरी येऊन तोंड असं, जणू चिमणी मीच बांधली!

मग डिसेंबरात कल्याणच्या खाडीवर ती दोन ताडांमधली जागा सापडली. तुम्ही इतके खूश, की मे महिन्यात अख्ख्या बिल्डिंगला तिथे नेलंत, चिवड्याच्या डब्यासकट. आणि सूर्य? तो पार उजवीकडे, म्हशींच्या तबेल्यामागे गेला. वैद्यांनी तबेल्याकडे तोंड करून टाळ्या वाजवल्या म्हणे. आठवडाभर तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. अहो, मला विचारायचं तरी! ओट्यावरच्या बरण्यांवर थंडीत ऊन येतं, उन्हाळ्यात येत नाही, हे मी या घरात आल्यापासून बघतेय. बी.एस्सी. तुम्ही ना?

पण विचारणार कधी? त्या वेळी मी देवापाशी. तिन्हीसांजेला दिवा लागलाच पाहिजे, दार उघडं पाहिजे, घरची बाई बाहेर असता कामा नये, हे सासूबाईंनी सांगितलं आणि मी पाळलं. दर रविवारी चपला घालता घालता तुम्ही विचारायचात, "आज येतेस?" मी म्हणायचे, "आणि दिवा?"

एकदा चिडलातच. "अगं, तुझी लक्ष्मी पाच मिनिटं जिन्यात थांबणार नाही का?"

मी म्हटलं, नाही थांबायची, वैद्यांकडे जाईल. तुम्ही हसलात आणि वैद्यांना घेऊन गेलात.

एवढी शोधाशोध माझ्यासाठी होती, हे मला वैद्यांनी तुमच्या तेराव्याला सांगितलं. "ती आली तर एकदाच येईल, तेव्हा जागा पक्की हवी," असं म्हणायचात म्हणे. मला का नाही सांगितलंत हो? वैद्यांना सांगता येतं, बायकोला नाही? या एका गोष्टीवरून मी अजून रागावलेय.

आज सुनेला म्हटलं, दिवा तू लाव. ती म्हणाली, "आई, बिनधास्त जा." वैद्य सोबतीला आले. लालभडक होऊन सूर्य खाडीपलीकडे उतरला. छान होता, खोटं कशाला बोलू. पण किती पटकन गेला! मी पदर सावरेपर्यंत अर्धा संपला. एवढ्याशा वेळासाठी तुम्ही वर्षानुवर्षं माझ्याशिवाय जात राहिलात? मला तिथेच रडू आलं. वैद्य बिचारे होडी बघितल्यासारखं करत राहिले. होडी नव्हतीच.

आता दर रविवारी जाईन, हा माझा शब्द. तुम्ही मात्र तिकडे नव्या जागा शोधत हिंडू नका. एका ठिकाणी बसून राहा. मी येईन तेव्हा मला तुम्ही लगेच दिसायला हवेत.

तुमचीच,
मालती