जिभेवरची माती

१८ जुलै
लॅपटॉपसमोर सलग तीन तास! इथे नेरूळला मी, तिकडे गांबियातल्या कृषी कॉलेजात मारियामा. दोघी मिळून खाऱ्या जमिनीतला भात शिकवतो. तास चांगले झाले तर पुढच्या जूनमध्ये महिनाभर तिकडे जाऊन शिकवायचं. निवृत्तीनंतर मला कुणी पहिल्यांदाच बोलावतंय. जायला वर्ष आहे, पण पिवळ्या तापाची लस टोचूनही आले. दंड सुजलाय. सुजू दे!

२१ जुलै
संताप! मारियामाने आज वर्ग शेतात नेला, मला फोनवर दाखवत. मी सांगून मागवून घेतलेलं खारेपणाचं मीटर पिशवीतच. एक मुलगी वाकली, चिमूटभर चिखल उचलला आणि चक्क जिभेवर ठेवला. मी ओरडले — "थुंक आधी! जनावरं आहात का?" इंग्रजीत, ठणठणीत. मारियामा हळूच म्हणाली, "माझी आई असंच करायची, प्रोफेसर." आणि फोन बंद!
माझं काय चुकलं? जंत होतात!

२२ जुलै
मेल आला. पुढचे तास स्थगित. दीड ओळ. खाली नावसुद्धा नाही.

२३ जुलै
सून निशिगंधा म्हणते, "आई, जनावरं म्हणालात? माफी मागून टाका."
मी? चौतीस वर्षं शिकवलंय मी!
 निशिगंधाने कुकरचं झाकण आपटलं.

२५ जुलै
द्रोणागिरीला गेले, गोजरामावशीकडे. आईची धाकटी बहीण, वय एक्याऐंशी. गोदामांच्या मागे तिचा भाताचा तुकडा अजून आहे. माझी बाजू घेईल म्हणून सगळं सांगितलं, तर पदर तोंडाला लावून हसली!
"बाय, तुझी आय कशी पारखायची जमीन? इसरलीस? शालंत घातली ना तुला!"
विसरले नव्हते. सात वर्षांची होते. कॉन्व्हेंट शाळेच्या बागेत मीही आईसारखी माती चाखली होती. सिस्टरने सगळ्यांसमोर साबणाने माझं तोंड धुतलं. 'जनावर' हा शब्द तिचाच.

२६ जुलै
पुन्हा मावशीकडे. माझं मीटर घेऊन. तिने माती जिभेला लावली — "आजून खारी हाय. योक पाऊस जाऊं दे, मंग लावनी." मीटर तेच म्हणालं. मी सगळं फोनवर टिपलं आणि मारियामाला पाठवलं. सोबत माफी. चार वेळा खोडली, पाचव्यांदा पाठवली. साबणाचंही लिहिलं.

२९ जुलै
उत्तर आलं! तास सोमवारपासून. जून पक्का, माणसं दोन. शिकवणार गोजरामावशी. मी दुभाषी!
मावशी म्हणाली, "जूनपर्यंत मरत नाय मी. पन आदी तू चाख."
चाखली. तोंड धुतलं नाही.