पत्र्यावरचा आवाज

काष्टी, मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा पत्र्यावर टक्, टक्. सुनील, माझा नवरा, गेल्यापासून सासूबाई दिवेलागणीला वर बघत बसतात. हे पत्रे त्यानेच बसवले होते. "सुन्या चालतोय गं वर," त्या म्हणाल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नेहमीसारखंच सांगितलं, "आई, उन्हानं पत्रा प्रसरण पावतो, संध्याकाळी गार होऊन आकसतो. त्याचा आवाज आहे तो."

"व्हय, रोज सांगती तू. पन आज दिसभर आभाळ हुतं. पत्रा तापला कवा?"

ढगांतूनही थोडा तापतो, असं म्हणणार होते. त्याऐवजी त्यांचा हात धरून बसून राहिले. टक्, टक्. तो आवाज थांबू नये, असं मलाही का वाटत होतं?