थांबायची हाक

आप्पा, तुम्ही जन्मात कधी खुर्चीवर बसला नाहीत, तिथंच माझी पंचाईत झाली. सोलापुरात शुक्रवार पेठेत जिन्यावरच्या एका खोलीत समुपदेशन करणाऱ्या बाई बसतात. त्यांनी माझ्यासमोर रिकामी खुर्ची मांडली आणि म्हणाल्या, "इथं वडील बसलेत असं समजा. बोलायचं राहिलंय ते बोला." मी बघतोय, बघतोय. लाल प्लॅस्टिकची खुर्ची. तुम्ही काही दिसेनात. शेवटी म्हटलं, "मॅडम, आमचं आप्पा बांधावर उकिडवं बसायचं. ह्याच्यावर बसवलं तर उठून जातील की." वाटलं, बाई हसतील. त्यांनी खुर्ची कोपऱ्यात सारली आणि स्वतःची शाल घडी करून फरशीवर अंथरली. "मग इथं बसवा." आणि तुम्ही दिसलात. काठी मांडीवर आडवी, गालात तंबाखू.

ह्या बाईंच्या आधी मी पुष्कळ उंबरे झिजवलेत. तुम्ही गेल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. पुण्यात हॉटेलात भांडी घासली, नाशकाकडं द्राक्षं तोडली, आणि सगळीकडं गेलो ते रेल्वेनं. हमरस्ता नको. गावच्या देवऋष्यानं लिंबू उतरून सांगितलं, पोरगं भ्यालंय. ते मलाही ठाऊक होतं. पुण्यातल्या डॉक्टरांना माझी स्वप्नं पाहिजे असायची. मी सांगायचो, ते "बरं, मग?" म्हणायचे. नाशकात एका तरुण डॉक्टरानं हातावर एक मनुका ठेवली. म्हणाला, सावकाश चघळा, मन फक्त चवीवर. म्हटलं, आमची मेंढरं दिवसभर दुसरं काय करतात? तरी पाचोळा वाजला की उधळतातच. ह्या बाई मनातलं वाक्य धरून त्याला जाब विचारतात. "रस्त्यावर पाय टाकला की मरण, ह्याला पुरावा काय?" मी म्हटलं, "पुरावा तुमच्या शालीवर बसलाय."

मग मी सांगितलं. मोहोळच्या अलीकडचा आपल्या वस्तीचा फाटा. म्होरक्या मेंढीला तुम्ही उचलून पलीकडं नेऊन बांधलं. ती तिथनं ओरडली की मागची सगळी जातात, ही तुमची रीत. तुम्ही रस्त्यात उभे, हात वर केलेला. मी मागनं हाकत येतोय, माझा एक पाय डांबरावर. तेवढ्यात तुमची थांबायची हाक येते. टाळ्याला जीभ लावून लांब ट्रर्रर्र, आणि शेवटी आखूड "हो!" मेंढरं थांबली. मीही थांबलो. ट्रक थांबला नाही.

तेव्हापासून डांबराला पाय लागला की ती हाक डोक्यात वाजते आणि गुडघे जागच्या जागी गोठतात. बाई म्हणाल्या, "तुमचं शरीर अजून त्यांचं ऐकतंय." म्हणून मी घरी जात नव्हतो, आप्पा. स्टेशन रस्त्याच्या ह्या बाजूला, वस्ती त्या बाजूला. मग आयच यायची स्टेशनावर भेटायला, भाकरी बांधून, तो रस्ता ओलांडून. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मी फोनवर बोंबलायचो, "येऊ नकोस." ती म्हणायची, "तू न्हाई येत तर मी येती. मला काय खातुय व्हय रस्ता?" हे ती म्हणायची, बघा. ती.

बाईंचं म्हणणं, भीतीला पायरी पायरीनं भेटायचं. आधी गाड्यांचा नुसता आवाज ऐकायचा, मग सोलापुरात सिग्नलला उभं राहायचं, मग हमरस्त्याच्या कडेला. दर पायरीला विचारणार, "दहापैकी भीती किती?" त्या दिवशीची पायरी फाट्यावर नुसतं उभं राहायची होती. बाई फोनवर. "दिसतात त्या पाच वस्तू सांगा." मी म्हटलं, "ट्रक. बाभळ. ट्रक. दगड..." आणि पाचवी दिसली ती आय. पलीकडच्या कडेला, हातात पिशवी, डोळ्यांवर आडवा हात. कुणीतरी तिला सांगितलं असणार, तुझं पोरगं फाट्यावर उभं हाय. तिनं एक पाय डांबरावर टाकला. तिच्या बाजूनं टँकर येत होता, आणि तिला तो दिसत नव्हता.

बाईंनी शिकवलेलं श्वास मोजायचं वगैरे सगळं विसरलो. माझ्या तोंडातनं तुमची हाक निघाली. ट्रर्रर्र हो! आय जागच्या जागी थांबली. तुमच्या कळपामागं तिचंही आयुष्य गेलंय, पायांना सांगावं लागत नाही. टँकर तिच्या पुढ्यातनं गेला, पदर उडाला. आता हाक देणारा मीच; मी हलल्याशिवाय ती हलणार नव्हती. मी गेलो. कसा गेलो आठवत नाही. पलीकडं पोचल्यावर तिनं आधी पाठीत धपाटा घातला. "त्यांच्यावानी वरडायलास व्हय, मेल्या! मला वाटलं, आलंच की हे." मग रडली.

आता मी घरी जातो-येतो. हे पत्र बाईंनीच लिहायला सांगितलं. त्या शालीसमोर बसून मोठ्यानं वाचायचं, हीपण त्यांची एक पद्धत. मी वाचणार नाही. कारण त्या दिवसापासून फाट्यावर तुमची हाक येत नाही. परवा मुद्दाम कडेला थांबलो, एक पाय डांबरावर ठेवून, कान देऊन. नुसती चाकं वाजत होती. चार माणसं ओलांडतात तसा मीही ओलांडला, कुणी थांबवलं नाही. भीतीबरोबर तुमची हाकही चाललीय; दुसरं तुमचं माझ्याकडं काय आहे? फोटोसुद्धा नाही.

बाईंनी विचारलं, "आता भीती किती?" मी चार सांगितली. दोन होती, आप्पा.