उसवलेली वही

रविवार, १६ मार्च

चिंगे,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे बरे आहेत. तुझी कुंडी पुन्हा जिन्यात आली आहे, ती हलव.

आता मुद्द्याचं. मंगळवारी, ११ मार्चला, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, बाइंडिंगच्या वर्गात नऊ जणांसमोर तू माझा अपमान केलास. मास्तर म्हणाले, आपापली वही उसवा आणि इथेच बसून पुन्हा शिवा. मी सुईला हात लावायच्या आत तू म्हणालीस, "मास्तर, ताईच्या डोळ्यांत आज थेंब घातलेत. तिची मी शिवते."

माझ्या डोळ्यांत कुणीही थेंब घातले नव्हते. खोटं बोलायचं तर निदान विचारून बोलावं.

दोघींपैकी एकीलाच कॉन्व्हेंटमध्ये घालणं बाबांना झेपणार होतं. मला घातलं. माझा पहिला नंबर कधी चुकला नाही; तू सातवीत दोनदा आपटलीस. चौतीस वर्षं मी ऑफिसात लोकांच्या मसुद्यांतल्या चुका काढल्या. आणि आता वर्गात कौतुक कुणाचं? तुझं. तुझी पहिली वही तिरकी, दुसरीत घडी घातलेल्या पानांचे फर्मे उलटे, तिसरीला खळ इतकी थापलीस की पानं उघडेनात. चौदा वेळा उसवलंस आणि दर वेळी खाऊ मिळाल्यासारखी हसलीस. त्या हसण्याचा मला हेवा वाटायचा. रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही, इतका. लिहिलं एकदाचं.

माझी वही मात्र पहिल्याच फटक्यात बिनचूक. उसवताना तू शेवटच्या गाठीपाशी थांबलीस. मास्तर एकेरी गाठ शिकवतात. ती दुहेरी होती, कोपऱ्यावरच्या छापखान्यातला बाइंडर मारतो तशी. तू ओळखलंस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. गाठ कापलीस आणि दोऱ्याला मेण लावायला घेतलंस. मी स्वतः शिवलेली वही तिसऱ्या फर्म्यालाच फाटली होती. ती कपाटात साड्यांखाली आहे.

बुधवारपासून मी जेवणाच्या टेबलावर बसते आहे. दोरा वर ओढू नका, पाठीच्या दिशेने ओढा, हे मास्तरांनी शंभरदा सांगितलं असेल. मी ऐकलं नव्हतं. मला काही सांगावं लागत नाही, असा माझा समज. शुक्रवारपर्यंत चार वह्या उसवल्या, बोटाची चाळण झाली. आज सकाळी सहावी वही टेबलावर उघडून ठेवली, तर ती हाताने न दाबता तशीच सपाट पडून राहिली. मी एकटीच मोठ्यांदा हसले. खालच्या डॉक्टरीणबाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

शेवटचा फर्मा मात्र अजून हलतो. तू तो कसा धरतेस? आणि मंगळवारी मध्ये का पडलीस? दोन्हींची उत्तरं सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत, लेखी, माझ्या दाराखालून. फोन उचलणार नाही.

उत्तर आलं नाही, तरी मंगळवारी मी मास्तरांना छापखान्याचं सांगणार आहे. आलं, तरी सांगणार आहे. तेव्हा तू शेजारच्या खुर्चीवर हवीस.

तुझी, जिचे डोळे ठणठणीत आहेत ती,
ताई