केउटडिहाची संध्याकाळची हजेरी

॥ श्रीजगन्नाथ शरण ॥

रायपाटणा, ५ ऑक्टोबर

ती. कनक अपास निराकारचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. आईने पाण्यात भिजवलेल्या पखाळ भाताबरोबर खाल्ली आणि म्हणाली, की मुलगी बेटावर मास्तरीण झाली तरी मिठाचा हात काही सुधारला नाही.

एक गोष्ट मनाला खाते आहे. तू परवान्याची परीक्षा देऊन तिथल्या शाळेत आपल्या हौशी रेडिओ मंडळाचा सेट लावलास, तेव्हापासून संध्याकाळच्या हजेरीला मी मंडळाच्या महापात्र सरांशेजारी कान देऊन बसतो. तुझं नाव पुकारलं की मला नुसती खरखर ऐकू येते. तिच्यामागे कुठेतरी बाईचा आवाज असावा असं वाटतं, इतकंच. तरी सर माइकवर म्हणतात, की केउटडिहा, पाच-नऊ! पाच म्हणजे शब्द न् शब्द कळला, नऊ म्हणजे आवाज खणखणीत. मला तर तू जेवलीस की नाही एवढंही कळलं नव्हतं.

मी सरांना तसं म्हणालो. ते म्हणाले, की अरे, दारी आलेल्याला कुणी तुझा आवाज वाईट म्हणतं का? ती एकटी तिकडे बसते, तिचं मन मोडू? आपल्या मंडळात सगळेच सगळ्यांना पाच-नऊ देतात, ती रीत आहे. औषधांच्या दुकानाचे जेनाबाबू म्हणाले, की हा निरू महाप्रसादातसुद्धा मीठ आहे का ते आधी चाखून बघेल. सगळे हसले. मीही हसलो.

पण परवा दुपारी जिल्ह्याचे मोठे साहेब आले. त्यांच्यासमोर तुझ्याशी बोलणं झालं, तेव्हा तू खरोखरच शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी आलीस. साहेब खूष झाले. यापुढे वादळाचा इशारा तुमच्याकडे पोचवायचं काम मंडळाचं. पोलिसांची लाँच त्यासाठी येणार नाही.

अपा, खरं लिही. संध्याकाळी तुला आमचं ऐकू येतं का?

चूकभूल पोटात घाल आणि धाकट्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा निराकार

केउटडिहा, ९ ऑक्टोबर

चि. निरूस अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं. लहानपणी घास गिळण्याआधी तू एकेक शीत उजेडात धरून बघायचास, तसाच राहिलास.

मग हसू जिरलं. अरे, मलाही संध्याकाळी तुमचं काही कळत नाही. त्या खरखरीत पाच-नऊ तेवढं ओळखू येतं, कारण तेच येणार हे ठाऊक असतं. मग मीही पाच-नऊ म्हणते आणि सुटते. काय करू? हजेरीला अर्धं गाव खिडकीशी उभं असतं. ऐकू आलं नाही म्हणाले, तर आमचे सरपंच म्हणायचे, की बाईच्या हाती यंत्र दिल्यावर दुसरं काय होणार! गंमत म्हणजे अंधार पडला की कोलंबोचा एक गृहस्थ स्वच्छ ऐकू येतो. त्याच्या बायकोचे गुडघे कसे आहेत हे मला ठाऊक आहे, माझ्या आईचे ठाऊक नाहीत.

पण ही गंमत आता गळ्याशी आली आहे. पूर्वी खाडीच्या तोंडाशी एक म्हातारा बसे. पलीकडच्या बंदरावर इशाऱ्याचा बावटा चढला, की तो नावा अडवी. रेडिओ आला म्हणून गावाने त्याला घरी बसवलं. आता हजेरीत काही आलं नाही की पहाटे नावा निघतात. तुझे भिणोई तर पूर्वीपेक्षा खूप आत जातात. म्हणतात, की माझी बायकोच वाऱ्याची बातमी काढते, मला कसली भीती? रात्रभर मला झोप नसते.

तूच काही मार्ग काढ.

आईच्या पाया पडते. तुझा हा संशयी स्वभाव असाच राहो, असा आशीर्वाद मी पहिल्यांदाच देते आहे.

तुझी अपा

रायपाटणा, १३ ऑक्टोबर

ती. अपास सा. न. वि. वि.

त्या कोलंबोच्या गृहस्थांचे उपकार. त्यांच्यामुळे उलगडा झाला. आपण ज्या लहरीवर बोलतो ती दिवसा जवळ पडते, पण अंधारात आपल्या डोक्यांवरून उडी मारून लांब जाऊन पडते. साहेबांसमोर बोलणं झालं दुपारी, मुद्दाम वेळ ठरवून; एरवी दिवसा तू वर्गात असतेस, सेट बंद, आणि हजेरी असते अंधारात. तार दुप्पट लांब करून दुसरी लहर धरली, तर जमेल.

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट झालं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, की वर लेखी कळवून झालं आहे, आता नाही जमत म्हणालो तर मंडळाचं नाक कापलं जाईल. दिवाळीनंतर बघू. जेनाबाबूंनी मला झोपेची गोळी देऊ केली.

मी आपल्या दुकानात बसून तार मापून कापली आहे. टपालाच्या लाँचने पाठवणार होतो, पण समुद्र खवळला म्हणून ती सुटलीच नाही. हे पत्रही तारेबरोबर इथेच पडून आहे.

आकाशवाणीवर कमी दाबाचं म्हणत आहेत. आज कावळे भर दुपारी झाडांत जाऊन बसले.

निराकार

रायपाटणा, १६ ऑक्टोबर, सकाळ

ती. अपास,

मायना राहू दे. काल हजेरीला सरांनी तुला वादळाचा इशारा पुनःपुन्हा वाचून दाखवला. उत्तरात खरखर आली. सर म्हणाले, की केउटडिहा, पाच-नऊ, निरोप पोचला. मी त्यांच्या हातून माइक ओढून घेतला आणि म्हणालो, की केउटडिहाचं काहीही ऐकू आलेलं नाही, आजही नाही, कधीच नाही.

 मग जेनाबाबू आपल्या घरच्या सेटवरून म्हणाले, की मलाही कधी ऐकू आलं नव्हतं. मग दुसरे म्हणाले, मग तिसरे. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उठले, तसेच सायकलवर बसून ठाण्यात गेले आणि लाँच निघेल असा शब्द मिळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

तिच्याबरोबर हे पत्र, मागचं पत्र आणि तार देतो आहे. आज हजेरीला आम्हीही त्या दुसऱ्या लहरीवर असू. सगळ्यांना शाळेच्या गच्चीवर ने. रेडिओची वाट बघू नकोस. भिणोईंना पाण्यात जाऊ देऊ नकोस.

निरू

केउटडिहा, १६ ऑक्टोबर, दुपार

चि. निरूस आशीर्वाद.

लाँच पोचली. माणसं शाळेत चढवली आहेत, म्हातारी माणसं पाठीवर घेऊन. सरपंचांनी स्वतः दोन फेऱ्या केल्या. गुरं मोकळी सोडली.

पहाटे समुद्र जरा निवळला होता, नावा तेव्हाच गेल्या. काल हजेरीत काही आलं नाही ना. मी पाच-नऊ म्हणाले होते आणि तुझे भिणोई दाराशी उभं राहून ते ऐकत होते. माझ्याकडे बघून हसले आणि जाळं उचललं. त्यांची नाव आणि तिच्यासोबत दोन. लाँचवाल्यांना मी पुढे समुद्रात जा म्हणाले. त्यांनी हात जोडले. पाणी बघितल्यावर मलाही पुन्हा सांगवेना.

तू पाठवलेली तार गच्चीवर बांधून घेतली आहे. वारा तिला टिकू देईल तोवर मी सेटपाशी आहे. हजेरीला किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला विचार, तीन नावा कुठे लागल्या का. नाही म्हणाले तर नाही म्हणूनच सांग.

दुसऱ्या नावेवर कुंतलामावशीचा एकुलता एक मुलगा आहे. मघाशी ती वर आली आणि विचारू लागली, की रेडिओ काय म्हणतो?  मी तिला सांगितलं, की मावशी, काहीच ऐकू येत नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने पदराने सेटवरचं पाणी पुसलं आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली.

लाँच सुटते आहे, पुरे करते. आईला यातलं काही सांगू नकोस, आणि आम्हा सगळ्यांना मनात धरून राहा.

तुझी अपा